स्त्रियांचा अतिरक्तस्राव आणि शस्त्रक्रियेचा निर्णय

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात राधानगरी येथे दिलेले व्याख्यान)



दरवर्षी ह्या व्यासपीठावरून गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार होतात, वधूवर-सूचक समितीचा वृत्तान्त वाचला जातो आणि शेवटी कोणी वडीलधारा गृहस्थ समाजाच्या उन्नतीविषयी चार शब्द बोलतो. ह्या वर्षी ते काम कार्यकारी मंडळाने मजकडे दिले आणि विषय म्हणून ‘आरोग्य’ हा एकच शब्द लिहून पाठविला. हा शब्द फार मोठा आहे. अर्ध्या तासात सर्वच बोलू गेले तर काहीच बोलल्यासारखे होत नाही, हा पस्तीस वर्षांच्या शिक्षकीतून आलेला अनुभव आहे. म्हणून मी त्यातला एकच प्रश्न निवडला आहे. स्त्रीच्या अंगावरून पाळीच्या वेळी प्रमाणाबाहेर रक्त जाऊ लागले, तपासणीत गर्भाशयात गाठी आढळल्या आणि ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळाला, तर त्या घराने निर्णय कसा करावा, हा तो प्रश्न होय.

काही बांधवांच्या मनात येईल की, हा विषय पुरुषाने, तोही भरसभेत, का बोलावा? त्याला माझे उत्तर असे. शस्त्रक्रियेचा दाखला पुरुष आणून ठेवतो, पैसे तो भरतो, तारीख तो ठरवितो आणि पुष्कळदा ‘करून टाका एकदाचे’ हे वाक्यही तोच उच्चारतो. ज्या गोष्टीत तो एवढा भाग घेतो तिच्याविषयी त्याला ज्ञान मात्र असू नये, हे मला न्याय्य वाटत नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला प्राथमिक शाळेचा निवृत्त शिक्षक आहे, वैद्य नव्हे. माझ्या घरात आणि नात्यात हा प्रसंग दोनदा आला. त्या निमित्ताने डॉक्टरांना प्रश्न विचारले, मिळाले ते वाचले, वहीत टिपून ठेवले. आजचे बोलणे त्या वहीतले आहे. ते औषधाच्या जागी घ्यावयाचे नसून डॉक्टरांपुढे बसताना बरोबर न्यावयाचे आहे.

प्रथम मौनाविषयी बोलतो. आपल्या घरांत पाळीला शब्द किती आहेत ते पाहा! ‘बाहेर बसली’, ‘कावळा शिवला’, ‘विटाळ झाला’, ‘अडचण आहे’. परंतु अडचण नेमकी किती आहे, हे सांगण्यास मात्र शब्द नाहीत. रोपलावणीच्या दिवसांत आपल्या बायका सकाळपासून दिवस मावळेपर्यंत गुडघाभर चिखलात वाकून उभ्या असतात. राधानगरीचा पाऊस कसा असतो ते मी तुम्हांला सांगावयास नको. घोंगडी किंवा इरले भिजले तर ते वाळत घालता येते. पण त्या दिवसांत अंगावरून जात असेल तर तिने शेतात काय करावे, हे कोणी विचारीत नाही आणि तीही सांगत नाही. दहा दिवस, बारा दिवस रक्त जाते, गाठी पडतात, पायऱ्या चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. ‘बायकांचे हे चालायचेच’ असे सासू म्हणते, कारण तिचेही तसेच चालले होते.

हे चालावयाचे नसते. सर्वसाधारणपणे पाळी सात दिवसांहून अधिक लांबत असेल, एक-दोन तासांतच घडी बदलावी लागत असेल, रात्री त्यासाठी उठावे लागत असेल, रक्ताच्या मोठ्या गाठी पडत असतील, किंवा पाळीमुळे कामे सोडून बसावे लागत असेल, तर तो अतिरक्तस्राव समजावा. शरीरात भरून येण्यापेक्षा अधिक रक्त महिन्यामागून महिना गेले की रक्तक्षय होतो. प्रौढ स्त्रीच्या रक्तात हिमोग्लोबिन १२ असावे. ते ८ च्या खाली गेले म्हणजे रक्तक्षय तीव्र मानतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे ह्या मंडपात उजव्या बाजूस बसलेल्या भगिनींपैकी निम्म्या! त्या सर्वांचे कारण अतिरक्तस्राव नसेल. आहार, जंत, बाळंतपणे हीही कारणे आहेत. तथापि ज्यांचे कारण हे आहे त्यांना केवळ लोहाच्या गोळ्या देणे म्हणजे तळाशी भोक असलेल्या घागरीत पाणी ओतीत राहण्यासारखे आहे.

आता गाठींविषयी. डॉक्टर ज्याला फायब्रॉईड म्हणतात ती गर्भाशयाच्या स्नायूतच वाढलेली गाठ होय. गाठ म्हटले की आपल्याकडे कर्करोगच आठवतो आणि घरात रडारड सुरू होते. वस्तुतः ह्या गाठी कर्करोगाच्या नसतात. त्यांत कर्करोग निघणे अत्यंत विरळा. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या गर्भाशयात लहानमोठ्या गाठी होतात आणि कित्येकींना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. पाळी कायमची थांबली की त्या बहुधा आक्रसतात. म्हणून सोनोग्राफीच्या कागदावर ‘गाठ’ हा शब्द आला एवढ्याने शस्त्रक्रिया ठरत नाही. गाठ आहे की नाही ह्यापेक्षा ती कोठे आहे, केवढी आहे आणि त्रास काय देते, हे तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत.

जागेचे महत्त्व आपणां धरणाच्या गावच्या लोकांस लवकर कळेल. शेताच्या बांधावर मोठा धोंडा पडलेला असला तरी पाण्याची वाट अडत नाही. परंतु पाटाच्या तोंडाशी नारळाएवढा दगड आला तरी साऱ्या वाफ्यांची व्यवस्था बिघडते. त्याप्रमाणे गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगास वाढलेली मोठी गाठ पुष्कळदा रक्तस्राव करीत नाही. ती वाढली तर मूत्राशयावर दाब येतो, पोट जड होते. उलट आतल्या पोकळीत डोकावणारी सुपारीएवढी गाठही धो धो रक्त घालविते. भिंतीच्या जाडीत असलेल्या गाठींचा प्रकार ह्या दोहोंमधला. ह्यासाठी केवळ ‘पिशवीला गाठ आहे’ हे ऐकून घरी येऊ नये. गाठ कोणत्या जागी आहे हे डॉक्टरांकडून चित्र काढून समजून घ्यावे. चांगला डॉक्टर चित्र काढून देतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गाठ आहे आणि रक्तही जात आहे, एवढ्यावरून रक्त गाठीमुळेच जात आहे असे सिद्ध होत नाही. गलग्रंथीचा, म्हणजे थायरॉईडचा विकार, संप्रेरकांचे असंतुलन, आतल्या अस्तराची वाढ, रक्त न गोठण्याचा दोष, क्वचित गर्भधारणेतील बिघाड, अशी इतर कारणेही असतात. म्हणून निर्णयापूर्वी रक्ताची, थायरॉईडची तपासणी, सोनोग्राफी, गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी आणि वय पंचेचाळिशीच्या पुढे असेल तर आतील अस्तराचा बारीक तुकडा घेऊन त्याची परीक्षा, ह्या गोष्टी डॉक्टर सांगतात. ज्या ठिकाणी ह्यांपैकी काहीही न करता एका सोनोग्राफीवर शस्त्रक्रियेची तारीख मिळते, तेथे थोडे थांबावे.

उपचारांच्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर रक्ताची भरपाई. लोहाच्या गोळ्या, आणि फार कमी असेल तर शिरेतून लोह, प्रसंगी रक्त. त्याबरोबर पाळीच्या दिवसांतच घ्यावयाच्या रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या असतात. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे त्यांतले एक नाव. संप्रेरकांच्या गोळ्याही आहेत. त्यानंतर तांबीसारखी गर्भाशयात बसविण्याची एक लहान वस्तू येते. ती आतल्या आत थोडे थोडे संप्रेरक सोडते आणि अस्तर पातळ ठेवते. एकदा बसविली की पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ काम देते आणि कित्येक स्त्रियांची शस्त्रक्रिया तिने टळते. पोकळीचा आकार गाठींनी फार वाकडातिकडा केला असेल तर मात्र ती टिकत नाही. गाठी तात्पुरत्या लहान करणारी इंजेक्शनेही असतात. त्यांचा उपयोग मुख्यतः शस्त्रक्रियेपूर्वी रक्त वाढवून घेण्यासाठी करतात.

दुसऱ्या पायरीवर गर्भाशय राखून करावयाच्या क्रिया. पोकळीत डोकावणारी गाठ पोटास छेद न देता योनिमार्गे दुर्बीण घालून काढता येते. इतर गाठी पोट उघडून किंवा पोटातून दुर्बिणीने काढून गर्भाशय शिवता येते. मूल हवे असलेल्या स्त्रीस हा मार्ग विशेष उपयोगी. त्याचा दोष एवढाच की, पुढे नव्या गाठी होऊ शकतात. मोठ्या शहरांत गाठीचा रक्तपुरवठा धमनीतून बंद करण्याचीही सोय आहे. तिसरी आणि शेवटची पायरी म्हणजे संपूर्ण गर्भाशय काढणे. ह्याने पाळी कायमची थांबते, गाठी पुन्हा होत नाहीत. ह्या बाबतीत हा उपाय निश्चित आहे आणि योग्य ठिकाणी तो स्त्रीला नवे आयुष्य देतो. परंतु ती मोठी शस्त्रक्रिया आहे. भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मूत्राशयास किंवा मूत्रनलिकेस इजा, हे धोके थोड्या प्रमाणात का होईना असतातच. आणि काढलेले गर्भाशय परत बसविता येत नाही.

माझे म्हणणे स्पष्ट व्हावे म्हणून दोन उदाहरणे सांगतो. दोन्ही संबंधित व्यक्तींच्या संमतीने सांगत आहे.

पहिले उदाहरण माझ्या घरचे. सुमारे बारा वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवतींचे वय सत्तेचाळीस होते. दोन वर्षे पाळीचे दिवस वाढत गेले होते. त्या कोणास बोलल्या नव्हत्या. एके दिवशी म्हशीची धार काढून उठताना त्या तोल जाऊन पडल्या. तपासणीत हिमोग्लोबिन ६ च्या जवळ निघाले. रक्त द्यावे लागले. सोनोग्राफीत अनेक गाठी, आणि गर्भाशय पाच महिन्यांच्या गरोदरपणाएवढे वाढलेले. डॉक्टरीणबाईंनी लगेच शस्त्रक्रिया सांगितली नाही. आठ महिने औषधे दिली, अस्तराचा तुकडा तपासला, तो निर्दोष निघाला. रक्त वाढे आणि दोन पाळ्यांत पुन्हा उतरे. शेवटी बाईंनी सौभाग्यवतींनाच समोर बसवून सांगितले, “पाळी जाण्यास अजून तीन-चार वर्षे लागतील. तोवर औषधांवर काढता येईल. पण दर महिन्यास हीच ओढाताण राहील. शस्त्रक्रिया केली तर दीड महिना विश्रांती लागेल. दोन्ही मार्ग मोकळे आहेत. तुम्ही ठरवा.” घरात मते अनेक होती. माझ्या वृद्ध मातोश्री म्हणाल्या, “देवानं दिलेला अवयव माणसानं का काढावा?” मुलगा म्हणाला, लगेच करू. सौभाग्यवतींनी पंधरा दिवस घेतले आणि मग म्हणाल्या, “मला नातवंडाला उचलून घेताना धाप लागू नये एवढंच हवं. काढू या.” शस्त्रक्रिया कोल्हापुरास झाली, बीजांडकोश राखले गेले. आज त्या ह्या मंडपात आहेत आणि पायऱ्या चढताना माझ्या पुढे असतात.

दुसरे उदाहरण माझ्या भाचीचे. वय बत्तीस, दोन मुले, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली. तिला अंगावरून पांढरे जाई आणि पाळीही जास्त होई. सासरच्या मंडळींनी तिला बाजाराच्या गावी एका खाजगी दवाखान्यात नेले. तेथे दहा मिनिटांत सोनोग्राफी झाली आणि सांगण्यात आले की, “पिशवी खराब झाली आहे, गाठ आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, सोमवारी भरती करा.” घरचे म्हणाले, मुले झाली, आता पिशवी ठेवून करावयाचे काय? भाचीने मला दूरध्वनी केला. “मामा, मला काढायची नाही असं मी म्हणत नाही. पण माझं काय झालंय ते मला कुणी सांगितलंच नाही,” हे तिचे शब्द होते. आम्ही सर्व कागद घेऊन तिला कोल्हापूरच्या शासकीय रुग्णालयात नेले. गाठ होती, पण ती दोन सेंटिमीटरची, बाहेरच्या अंगास, निरुपद्रवी. रक्तस्रावाचे कारण थायरॉईडचा विकार निघाले आणि पांढरे जाण्याचे कारण साधा जंतुसंसर्ग. गर्भाशयमुखाची तपासणी निर्दोष. थायरॉईडच्या गोळ्या, दोन आठवड्यांचे औषध आणि लोह, एवढ्यावर सहा महिन्यांत तिची पाळी मार्गावर आली. ‘सोमवार’ टळला.

बांधवहो, ह्या दोन उदाहरणांत एकीचे गर्भाशय गेले आणि दुसरीचे राहिले. पण माझ्या मते दोन्ही निर्णय योग्य झाले. कारण दोन्हींत कारण शोधले गेले, लहान उपाय आधी विचारात आले, वेळ घेतला गेला आणि ज्या स्त्रीचे शरीर तिचे मत अखेरचे ठरले. शस्त्रक्रिया वाईट नव्हे आणि शस्त्रक्रिया टाळणे हाही पराक्रम नव्हे. अज्ञानात केलेली आणि अज्ञानात टाळलेली, दोन्ही सारख्याच घातक होत.

अज्ञान आणि गरज एकत्र आली म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले आहे. दिवाळी आटोपली की आपल्या शिवारात बीडकडील ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. त्यांच्या कोप्या आपण दरवर्षी पाहतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, आणि एका दिवसाचा खाडा झाला तर दंड पडतो. अशा स्थितीत पाळीचे चार दिवस हे चार दिवसांचे नुकसान ठरते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याचे प्रमाण भयंकर असल्याचे उघडकीस आले. शासनाने श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा जणींमागे एक. साऱ्या देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. त्या स्त्रियांना कोणी बळजबरीने मेजावर झोपविले होते असे नव्हे. पुष्कळ जणींनी स्वतःच होकार दिला होता. परंतु ज्या होकारामागे एका बाजूस दंडाची आणि दुसऱ्या बाजूस कर्करोगाची भीती उभी आहे, त्या होकारास निर्णय म्हणावे काय?

त्या प्रकरणानंतर बीड जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घालण्यात आली. २०२२ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत अमलात आणण्याचे राज्यांना फर्माविले. कायदा आपले काम करील. परंतु आपल्या घरांत मुकादम नसला तरी खाडा आहेच! गोकुळच्या संस्थेत सकाळी दूध पोहोचले पाहिजे, भांगलण झाली पाहिजे, मुलांचे डबे झाले पाहिजेत. ‘दर महिन्याची कटकट जाईल’ हे वाक्य आपल्याही ओसरीवर उच्चारले जाते. म्हणून ही गोष्ट केवळ बीडची नव्हे.

आता दोन भ्रम दूर करतो. पहिला, ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’ हा. कर्करोगाची शंका असेल तर ती तपासणीने पाहावयाची असते. धाक दाखविण्यासाठी वापरावयाची नसते. पांढरे जाणे हे गर्भाशय काढण्याचे कारण नव्हे, ते बहुधा औषधाने बरे होते. मात्र ह्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पाळी पूर्ण बंद होऊन वर्ष लोटल्यावर एक थेंब जरी रक्त दिसले, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पतिसंबंधानंतर रक्त गेले, तर एक दिवसही लाज न धरता डॉक्टरांकडे जावे. तेथे विलंब खरोखर जिवावर बेततो.

दुसरा भ्रम असा की, ‘मुले झाली, आता सगळेच काढून टाकावे’. गर्भाशय आणि बीजांडकोश हे निराळे अवयव आहेत. बीजांडकोशांतून निघणारे संप्रेरक हाडांना बळ देते आणि हृदयासही उपकारक असते. पाळी जाण्याचे वय येण्यापूर्वीच ते दोन्ही काढले तर एका दिवसात म्हातारपणाचे दार उघडते. अंगातून वाफा निघतात, झोप जाते, हाडे ठिसूळ होतात. ते राखले तरी गर्भाशय काढल्यानंतर रजोनिवृत्ती एखाद-दोन वर्षे अलीकडे येऊ शकते. म्हणून बीजांडकोश काढणार की ठेवणार आणि काढणार असल्यास का, हे संमतिपत्रावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी वेगळे विचारावे.

विद्यार्थ्यांना मी परीक्षेस जाताना प्रश्न वाचून मगच उत्तरास हात घालण्यास सांगत असे. येथे प्रश्न आपण न्यावयाचे आहेत. ते असे: रक्त जाण्याचे नेमके कारण काय? गाठ असेल तर कोणत्या जागी व केवढी? शस्त्रक्रियेशिवाय कोणता उपाय आहे, आणि तो आधी का करू नये? सहा महिने थांबले तर काय बिघडेल? गर्भाशय राखून गाठ काढता येईल काय? बीजांडकोश राखणार काय? शस्त्रक्रिया कोणत्या मार्गाने, किती खर्च, किती दिवसांची विश्रांती? शासकीय आरोग्य योजनेत ती बसते काय? हा शेवटचा प्रश्न रुग्णालयातील आरोग्यमित्रास विचारावा. हे आठ प्रश्न स्मरणिकेच्या ह्या पानावरून कापून कपाटास चिकटवावेत. जो डॉक्टर शांतपणे उत्तरे देईल त्याच्यावर विश्वास ठेवावा, आणि जेथे प्रश्नांचा राग येईल तेथून कागद घेऊन दुसरीकडे जावे. तपासणीचे कागद रुग्णाचे असतात. ते मागण्यात संकोच नसावा. अतिशय रक्त जाऊन चक्कर येत असेल, नाडी वेगाने चालत असेल, तर मात्र दुसऱ्या मताची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात धाव घ्यावी. ते संकट निराळे.

ह्या संबंधात आपल्या कोल्हापूरच्या इतिहासातील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी यांना कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाच्या प्रमुखपदी नेमले होते. तेच आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, ज्यास आपण सीपीआर म्हणतो. पुरुष वैद्यापुढे आपले दुखणे न सांगता स्त्रिया मरत होत्या, हे त्या संस्थानाने ओळखले होते. दुर्दैवाने पदावर रुजू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई पुण्यास निवर्तल्या; वयाची बाविशीही पूर्ण झाली नव्हती. पुढे शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत डॉक्टर कृष्णाबाई केळवकर यांनी त्या रुग्णालयात स्त्रियांची सेवा केली. आज तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय आहे, कोल्हापूर एस्टीने काही तासांच्या वाटेवर आहे, स्त्री-डॉक्टर ठिकठिकाणी आहेत, गावात आशाताई आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वी नसलेले सारे आज आहे. तेव्हाचे मौन तेवढे आपण जतन करून ठेवले आहे!

आता मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, दरवर्षी संमेलनाच्या दिवशी ह्याच मंडपात, ग्रामीण रुग्णालयाच्या साहाय्याने, सर्व स्त्रियांची आणि वयात आलेल्या मुलींची हिमोग्लोबिन तपासणी व्हावी. सत्काराच्या हारांवर होणाऱ्या खर्चात ती सहज होईल. दुसरी, प्रत्येक गावातून दोन जाणत्या भगिनींची नावे मंडळाने नोंदवावीत. ज्या स्त्रीस दुसरे मत घेण्यास कोल्हापुरास जावयाचे असेल तिच्यासोबत त्यांनी जावे. प्रवासखर्च मंडळाने द्यावा. एकट्या सुनेच्या तोंडून न निघणारा प्रश्न सोबतीण असली म्हणजे निघतो. तिसरी, शिक्षणनिधीप्रमाणे उपचारासाठी बिनव्याजी कर्जाचा एक लहान निधी असावा. पैसे नाहीत म्हणून रखडलेली आवश्यक शस्त्रक्रिया आणि पैसे भरून झाले म्हणून उरकलेली अनावश्यक शस्त्रक्रिया, दोन्ही त्याने टळतील. ह्या निधीस माझ्या निवृत्तिवेतनातील एक महिन्याची रक्कम मी आजच अध्यक्षांच्या हवाली करीत आहे.

पुरुष बांधवांस शेवटी एक विनंती. गर्भाशय काढल्यावर स्त्रीस साधारण सहा आठवडे जड उचलावयाचे नसते. भरलेली घागर, वैरणीचा भारा, धान्याचे पोते, हे तिच्या डोक्यावरून उतरले पाहिजे. आणि ते उतरले तर ते कोणाच्या तरी डोक्यावर चढले पाहिजे. तो कोण, हे शस्त्रक्रियेची तारीख ठरविण्यापूर्वी घरात ठरावे. म्हशीची धार काढणे मला साठीच्या उंबरठ्यावर शिकावे लागले नाही, कारण लहानपणी मातोश्रींनी शिकविले होते. आपल्या मुलांसही ते शिकवावे. धार काढणाऱ्या पुत्राची किंवा भाकरी थापणाऱ्या पतीची ज्ञाती बाटत नाही!

भगिनींनो, तुमच्या शरीरात काय चालले आहे ते प्रथम तुम्ही जाणावे, ते शब्दांत सांगावे आणि त्याविषयीचा निर्णय तुम्हीच करावा. बांधवांनो, त्या निर्णयास लागणारा वेळ, माहिती आणि पैसा आपण पुरवावा. एवढेच सांगण्यासाठी मी उभा होतो.